शेंदूरजनाघाटची काशाची वाटी

अमरावतीहून मोर्शी, मोर्शीहून वरूड आणि वरूडहून शेंदूरजनाघाट. ही वाट तुम्ही आजवर केली नसेल तर एकदा जरूर करा. आणि करायचीच झाली तर दिवाळी होऊन गेल्यावर, थंडी अंगाला लागू लागली म्हणजे करा. त्या दिवसांत आंबिया बहाराचा तोडा सुरू असतो. मोर्शी सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा लागतात. काळपट हिरव्या पाल्यात पिवळी-नारिंगी फळे अशी लगडलेली असतात की फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात. झाडाखाली फळांचे ढीग पडलेले असतात आणि ढिगाभोवती बसलेल्या बाया मोठे फळ एकीकडे, मध्यम दुसरीकडे आणि बारीक ‘चुरी’ तिसरीकडे अशी निवड करीत असतात. पूर्वी लाकडी पेट्या भरल्या जात, आता प्लॅस्टिकचे कॅरेट भरले जातात. एवढा फरक सोडला तर ते दृश्य तेच आहे.

आता रेल्वेनेही येता येते. नरखेड-अमरावती हा लोहमार्ग झाल्यापासून वरूडला स्टेशन आले. त्याचे नावच ‘वरूड ऑरेंज सिटी’ असे आहे. इंग्रजी नाव वाचून हसू येते खरे, पण फलाटावरून बाहेर पडून दोन फर्लांग चाललात की ते पटते. या वरूड-मोर्शी पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, ते उगीच नाही.

वरूडहून शेंदूरजनाघाट दहा-बारा किलोमीटर. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेला डोंगराची निळी रांग आणि रांगेपलीकडे मध्य प्रदेशाचा बैतूल जिल्हा. त्या जिल्ह्यातली मुलताई तुम्ही ऐकली असेल. तिथे तापी उगम पावते. त्याच मुलताईच्या डोंगराळ भागात आपली वर्धा नदीही जन्म घेते. दोघी बहिणी एकाच माहेरच्या, पण सासरे वेगळी. वर्धा दक्षिणेला आपल्याकडे उतरते आणि तापी पश्चिमेला बऱ्हाणपूर, भुसावळ करीत थेट समुद्राला मिळते. हे भूगोलाचे बोलणे आत्ताच काढले याला कारण आहे. पुढे ज्या घरी तुम्हाला न्यायचे आहे, त्या घरची आजी भुसावळची, म्हणजे तापीकाठची. लग्न होऊन ती तापीच्या उगमाच्या या बाजूला आली, आणि येताना एक पदार्थ घेऊन आली. तो पदार्थ म्हणजे केळ्याचा केक.

संत्र्याच्या गावात केळ्याचा केक? मलाही असेच वाटले होते. पण आधी गाव पाहू.

शेंदूरजनाघाटची खरी ओळख फळांपेक्षा रोपांची आहे. गावात शिरताना आणि गावाबाहेर पडताना रोपवाटिकाच रोपवाटिका दिसतात. संत्र्याचे झाड बी लावून करीत नाहीत, हे तुम्हा शेतकरी मंडळींना सांगायला नको. पण शहरातून आलेल्या पाहुण्याला हे सांगितले की तो तोंडात बोट घालतो. आधी जंबेरीचे, नाहीतर रंगपूर लिंबाचे बी वाफ्यात पेरायचे. रोप हाताएवढे झाले की ते दुसरीकडे लावायचे. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यायची आणि चांगल्या मातृवृक्षाच्या काडीवरचा एक डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा. वरून पट्टी बांधायची. डोळा फुटून वाढू लागला की वरचा जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. खालची मुळे जंबेरीची, वरचे झाड संत्र्याचे.

इथला कसबी माणूस हे काम करताना पाहणे ही एक मौज आहे. चाकू, काडी, पट्टी आणि बोटे यांची अशी लय लागलेली असते की डोळा कधी भरला हे आपल्याला कळतही नाही. ‘शिकायला किती दिवस लागले?’ असे एकाला विचारले. तो म्हणाला, ‘‘शिकाले आठ दिवस. चुका कमी व्हाले दहा वर्सं.’’

इथली कलमे दूरदूरच्या बागायतदारांकडे जातात. तुमच्यापैकी कुणी नवी लागवड करणार असेल तर दोन गोष्टी जुने बागवान बजावून सांगतात. डोळा जमिनीपासून निदान नऊ इंच वर बांधलेला हवा, नाहीतर ओल्या मातीचा संसर्ग होऊन डिंक्या लागतो. आणि डोळा ज्या झाडाचा घेतला ते झाड रोपवाटिकेत उभे राहून दाखवा म्हणावे. ज्याला आई दाखवता येत नाही त्याचे लेकरू घेऊ नये.

पण या हिरवाईवर भाळून जाऊ नका. या तालुक्याची एक दुखरी नस आहे, ती म्हणजे पाणी. संत्र्याला पाणी हवे म्हणून विहिरी झाल्या, विहिरी आटल्या म्हणून बोअर झाले आणि बोअर खोल खोल गेले. जमिनीखालचे पाणी भरते त्यापेक्षा उपसा जास्त होत गेला. २०१९ च्या उन्हाळ्यात तर वरूड-मोर्शी भागातल्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी टँकरने पाणी घालून झाडे जगवायचा यत्न केला. काही जगली, पुष्कळशी गेली. पंचवीस-तीस वर्षे पोसलेले झाड तोडून सरपणाला लावताना बागवानाला काय वाटत असेल, ते मी कोणत्या शब्दांत सांगू? त्यात फळगळ, त्यात बाजार. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळाले, मान मिळाला; पण अलीकडे बांगलादेशाने आयातीवरचा कर चढवत नेला तेव्हा इथला भाव कोसळला, तो मानाने सावरला नाही.

आपण जाणार ते घर अशाच एका बागवानाचे आहे. माझ्या मामेबहिणीचे ते सासर. रस्त्याकडेला ओटा, आत चौक, चौकाच्या मागे न्हाणी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेली केळीची चार-पाच बेटे. बागेत संत्री आणि परसात केळी. त्यांची साडेतीन एकर बाग २०१९ मध्ये निम्मी वाळली. राहिलेल्या निम्म्यावर घर चालले आहे. मी गेले तेव्हा घरात दोन गोष्टींची चर्चा चालू होती. मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा संत्राच लावायचा की दुसरे काही, ही पहिली. ती पुरुषमंडळी ओट्यावर करीत होती. दुसरी स्वयंपाकघरात चालली होती आणि ती केकाची होती.

आता ही हकिकत नीट ऐका.

आजी, म्हणजे माझ्या मामेबहिणीची सासू, १९६२ साली लग्न होऊन या घरात आली. वडील भुसावळला रेल्वेत कामाला होते. भुसावळ हे ब्रिटिशांच्या काळापासूनचे मोठे जंक्शन. रेल्वेच्या चाळीत नाना प्रांतांची आणि नाना धर्मांची माणसे राहत. भोवतालचा सगळा मुलूख केळ्यांचा. रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून केळ्यांच्या वॅगनी भरून उत्तरेला जात. चाळीत आजीच्या शेजारी इंजिन-ड्रायव्हरचे एक ख्रिस्ती कुटुंब होते. आजी तिला अजून ‘डायवरीण बाई’ म्हणते. ही बाई नाताळात केक करायची. मिश्रण घरी कालवायचे आणि डबे पावभट्टीत भाजायला द्यायचे. पण वर्षभरात कधी केळी जास्त पिकली की ती घरच्या घरी, शेगडीवर, वाळूच्या पातेल्यात लहानसा केळ्याचा केक करायची. आजीने तो तिच्या हाताखाली शिकून घेतला.

केक हा शब्द आपल्याकडे परका वाटतो, पण भाजण्याची विद्या आपल्याला काही नवी नाही. वऱ्हाडातले रोडगे घ्या. गोवऱ्यांचा विस्तव करायचा, तो निवत आला की कणकेचे रोडगे त्यात पुरायचे आणि राखेच्या उबेत आतपर्यंत भाजू द्यायचे. कोकणात काकडीचे धोंडस करतात, त्यालाही खाली निखारे आणि झाकणावर निखारे. नानकटाईचे पीठ मळून डबा बेकरीत भाजायला नेणाऱ्या बाया तुमच्या-आमच्या आठवणीतल्या आहेत. केळ्याचा केक तर अमेरिकेतही फार जुना नाही. तिथे खायचा सोडा आणि बेकिंग पावडर घरोघर पोचली आणि १९३० च्या सुमारास मंदीच्या दिवसांत, पिकून काळी पडलेली केळी फेकवेनात म्हणून बायकांनी ती पिठात घातली. वाया जाऊ द्यायचे नाही, ही अक्कल सगळ्या मुलखांतल्या बायकांना सारखीच असते.

आजी सासरी आली ती केकाची कृती डोक्यात घेऊन. पण डायवरीण बाईच्या केकात अंडी होती. इथे सासूबाई माळकरी. अंडे उंबऱ्याच्या आत येणे नाही. दोन वर्षे आजीने केकाचे नावही काढले नाही. तिसऱ्या वर्षी परसातला घड एकदम पिकला. खाऊन संपेना आणि वाटूनही संपेना. तेव्हा तिने अंड्याच्या जागी दही घातले. वास कसा येईल ही धास्ती, म्हणून बागेतल्या संत्र्याची साल किसून घातली. चुलीवर पातेले, पातेल्यात नदीची वाळू, झाकणावर निखारे. सासूबाईंनी पहिला तुकडा देवापुढे ठेवला. म्हणाल्या, ‘‘यात काही वंगाळ नाही.’’ तेव्हापासून तोडा संपला की या घरात केक होतो. कामावरच्या बायांनाही मिळतो. गावात त्याला केक कुणी म्हणत नसे. ‘भुसावळचा रोडगा’ म्हणत.

कलमाची गोष्ट मी मघाशी सांगितली ती तुम्हाला इथे आठवेल. मी काही बोलत नाही.

आजीने १९७० च्या सुमारास ही कृती एका वहीत लिहून ठेवली. वही अजून आहे. पाने तुपाने पारदर्शक झाली आहेत. कृती अशी: ‘‘मैदा २ वाट्या, कणीक १, साखर १, दही १, तूप पाऊण, केळी ४, सोडा चमचा १ लहान, संत्र्याची साल, रस थोडा.’’ एवढेच. बायका स्वतःसाठी लिहितात तेव्हा इतकेच लिहितात. बाकीचे हाताला ठाऊक असते.

पण आता आजीचे वय ऐंशीच्या पुढे गेले. दृष्टी अधू झाली आणि आठवणही येते-जाते. साठ वर्षांपूर्वीची डायवरीण बाई लख्ख आठवते, सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. तीन वर्षे झाली, तिच्या हातचा केक झाला नव्हता. माझ्या बहिणीने वही उघडून चार वेळा केला. चारही वेळा तो घट्ट झाला. वरून तडकला, मध्ये कच्चा राहिला आणि केळ्याचा वासही बेताचाच. नातीचे लग्न फाल्गुनात ठरलेले. तिची हौस एवढीच की सासरी जाताना आजीचा केक हाताला लागावा. म्हणून मी गेले तेव्हा पाचवा प्रयोग चालू होता.

बहिणीने स्टीलच्या वाटीने पीठ मोजायला घेतले. आजी खाटेवर बसून ऐकत होती. वाटीचा आवाज ऐकून म्हणाली, ‘‘काऊन वो, काय मोजून राह्यल्या?’’

‘‘पीठ मोजतो, आई. तुमच्या वहीतलं.’’

‘‘कोनत्या वाटीनं?’’

‘‘आपल्या रोजच्या वाटीनं.’’

आजी काही बोलली नाही. नात तिच्या पायाशी बसली होती. थंडीचे दिवस, आजीच्या तळपायांची आग होते, म्हणून रोज संध्याकाळी तिचे तळवे तुपाने काशाच्या वाटीने घासायचे असतात. तुमच्याही घरी कुणाचे तरी घासत असाल. नात ती वाटी घासत होती. आजीने हात पुढे केला, वाटी चाचपली, तिच्या काठावरून बोट फिरवले आणि म्हणाली, ‘‘हे तं माही मापाची वाटी. पायाले काऊन लावून राह्यल्या?’’

सगळ्या जणी एकमेकींकडे पाहत राहिलो.

झाले होते ते असे. ती काशाची वाटी आजीच्या माहेरची. लग्नात आलेली. १९७० मध्ये वही लिहिली तेव्हा घरातली मापाची वाटी हीच. पुढे स्टील आले. पितळ-कासे माळ्यावर गेले. माळ्यावरून ही वाटी कधीतरी पाय घासण्यासाठी खाली आली आणि वहीतली ‘वाटी’ कोणती हे सांगायचे राहून गेले. पूर्वी ते सांगायची गरजच नव्हती.

बहिणीने वाटी चिंच लावून, राख लावून तीनदा घासली, उकळत्या पाण्यात टाकली, पुसली आणि पिठाने भरून किराणाच्या तराजूवर ठेवली. पीठ सत्तर ग्रॅम भरले. स्टीलच्या वाटीत शंभराच्या वर पाच-सात ग्रॅम मावत होते. म्हणजे वाटी दीडपट मोठी.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच वाटीने मोजले तर सगळेच दीडपट होईल, बिघडेल कसे? मीही तेच म्हटले. पण वही पुन्हा वाचा. मैदा, कणीक, साखर, दही, तूप वाटीने. केळी मात्र नगाने आणि सोडा चमच्याने. पीठ दीडपट झाले, केळी चारच राहिली, सोडाही तेवढाच राहिला. म्हणून केक घट्ट आणि वास बेताचा. शिवाय डबा तोच जुना, त्यात दीडपट मिश्रण. थर जाड झाला, म्हणून वरून तडकला तरी मध्ये कच्चा. चार वेळा बहिणीचा हात चुकला नव्हता, वाटी चुकली होती. हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो पाहण्यासारखा होता. तीन वर्षे ती मनाशी म्हणत होती की आपल्या हाताला चव नाही.

पाचव्यांदा केक झाला. संत्र्याच्या वाळलेल्या झाडांची लाकडे सरपणाला होती, त्यांचेच निखारे झाकणावर ठेवले. तासाभराने चौकात वास सुटला. ओट्यावरची मंडळी बोलणे थांबवून आत डोकावली. आजीला पहिला तुकडा दिला. तिने तो बराच वेळ चघळला. ‘‘असाच होते काय वो भुसावळले?’’ बहिणीने विचारले. आजी म्हणाली, ‘‘नाही. भुसावळले संत्रं कुठलं बाई. हा आपला हाय.’’

आता तुम्हाला कृती हवी असेल. आजीच्या वाटीवर सोडून तुमची फसगत करायची नाही, म्हणून आम्ही सगळे तोलून लिहून घेतले, ते देते.

मैदा १४० ग्रॅम, बारीक चाळलेली कणीक ७० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, गोडसर ताजे दही १२० ग्रॅम, पातळ केलेले तूप ८० ग्रॅम, सोललेल्या पिकल्या केळ्यांचा लगदा ३०० ग्रॅम, खायचा सोडा चहाचा एक सपाट चमचा, मीठ चिमूटभर, एका संत्र्याची किसलेली साल आणि दोन मोठे चमचे ताजा रस. परसातली लहान केळी असतील तर चार लागतात. बाजारातली मोठी ग्रँड नैन असतील तर अडीच ते तीन पुरतात. म्हणून नगावर जाऊ नका, लगदा तोला.

केळी चांगली पिकलेली, सालीवर काळे ठिपके पडलेली घ्या. केळे पिकते तेव्हा त्यातल्या पिठाची साखर होते. पिवळ्या पण कडक केळ्याचा केक सपक होतो. केळे झाडावरून उतरवल्यावर घरात पिकते, संत्रा मात्र तोडल्यावर पिकत नाही. जसा तोडला तसाच राहतो. म्हणून संत्रा झाडावर पिकलेलाच घ्या. साल फळ सोलण्याआधी किसा, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही. फक्त वरचा नारिंगी भाग किसा. आतला पांढरा आला की कडवटपणा आला. फळ घरच्या बागेचे असेल तर शेवटची फवारणी केव्हा झाली ते घरधन्याला विचारा. बाजारचे असेल तर कोमट पाण्याने खसखसून धुवा. रस आयत्या वेळी काढा, बी चिरडू देऊ नका. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की कडू होत जातो, हे बागवानांना ठाऊक आहे. त्याच्या रसाचे कारखाने चालवणे अवघड जाते ते यामुळेही.

आधी वाळूची तयारी. जाड बुडाचे जुने पातेले घ्या. त्यात धुऊन, वाळवून, चाळलेली वाळू बोटाच्या एका पेराइतकी पसरा. वर लोखंडी कडी किंवा तिवई ठेवा, झाकण घाला आणि दहा मिनिटे मध्यम आचेवर तापू द्या. कुकरमध्ये वाळू घालून केक करायची रीत आहे, पण कोरड्या आचेने कुकर खराब होतो. जुने पातेले बरे. कुकरच घ्यायचा झाला तर शिटी आणि रबरी रिंग आधी काढून ठेवा.

वाळू तापेपर्यंत केळी कुस्करा. त्यात साखर, तूप, दही, साल आणि मीठ घालून घोटा. मैदा, कणीक आणि सोडा दोनदा एकत्र चाळून घ्या. कोरडे ओल्यात घाला, शेवटी रस घाला आणि हलक्या हाताने, एकाच दिशेने, पीठ दिसेनासे होईपर्यंतच कालवा. जास्त घोटले की केक चिवट होतो. दही, केळे आणि रस यांच्या आंबटपणाशी सोडा मिळाला की लगेच वायू सुटू लागतो. केक फुगतो तो त्या बुडबुड्यांनी. म्हणून कालवल्यावर गप्पा मारीत बसू नका. तूप लावून मैदा भुरभुरलेल्या डब्यात मिश्रण ओता. डबा दोन-तृतीयांशाहून जास्त भरायचा नाही. तो तिवईवर ठेवा, झाकण घाला, आच मंद करा. चूल असेल तर झाकणावर चार निखारे ठेवा, वरून रंग छान येतो. पहिली चाळीस मिनिटे झाकण उघडायचे नाही. पन्नास मिनिटांपासून तासाभरात होतो. स्वेटरची सुई मध्यभागी खुपसून पाहा, कोरडी निघाली म्हणजे झाला. कुणाकडे विजेची भट्टी असेल तर १७० ते १८० अंशांवर पाऊण तास पुरतो. केक पूर्ण निवल्यावर काढा. दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो, उरला तर.

निघायच्या दिवशी सकाळी घरधनी मला बागेत घेऊन गेले. मोकळ्या झालेल्या जागेत खुणेच्या काड्या रोवल्या होत्या, सहा-सहा मीटरवर. म्हणजे पुन्हा संत्राच. मी विचारले, ‘‘पाण्याचे काय?’’ ते म्हणाले, ‘‘अर्ध्याच जागेत लावतो. ठिबकवर. पानी जेवढं, बाग तेवढी. गेल्या खेपेले मोजलं नव्हतं.’’ त्यांनी हे साधेपणाने सांगितले, पण माझ्या मनात ती काशाची वाटी आली. माप विसरले की केक बिघडतो आणि बागही.

परतताना वरूडच्या स्टेशनवर गाडीला उशीर होता. बाकावर बसून मी एक काम केले, ते तुम्हीही या आठवड्यात करा एवढीच विनंती. तुमच्या घरात एखादी आजी, आत्या, मोठी जाऊ असेल. तिच्या हातचे लोणचे, पापड, शेवया, काही ना काही असे असेल की जे दुसरीला साधत नाही. तिच्याजवळ बसा. ती वाटी म्हणते ती कोणती वाटी, मूठ म्हणते ती कुणाची मूठ, हे विचारा. वाटी तराजूवर ठेवा आणि वजन वहीत लिहा. तिला विचारायला संकोच वाटत असेल तर पायाला तूप लावायच्या निमित्ताने बसा. मीही घरी पोचल्यावर सगळ्यात आधी आईची काशाची वाटी शोधणार आहे. ती कुठे पडली आहे, कोण जाणे.